चौदा जणांचा ठसका

आजही ती घटना आठवली की आधी घसा खवखवतो आणि मग हसू येतं. त्या दोन दिवसांत मात्र कुणी हसत नव्हतं. एक माणूस इस्पितळात ऑक्सिजनवर होता आणि दुसरा माझ्यासमोर बाकावर बसून, न केलेला गुन्हा कबूल करत होता.

भिवंडीत मी पोलीस निरीक्षक होतो. शनिवार होता, दिवेलागणीची वेळ. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी भरत होता. फोन वाजला. एका गल्लीतल्या यंत्रमाग कारखान्यात विषारी वायू सुटला आहे, माणसं पडताहेत, लवकर या.

भिवंडीत असा फोन कुणी हलक्याने घेत नाही. इथे कुठल्या गोदामात कुठली पिंपं उतरतील, ते गोदामाच्या मालकालाही नेहमी माहीत असतं असं नाही. आम्ही पोचलो तेव्हा लूम बंद होते आणि चौदा कामगार रस्त्यावर बसून खोकत होते. डोळे लाल, नाकं वाहत होती. अग्निशमन दलाने मुखवटे चढवून आत जाऊन पाहिलं. पिंप नाही, टाकी नाही, गळती नाही. पंख्यांनी पंधरा मिनिटांत हवाही निवळली होती. चौदापैकी तेरा जण तासाभरात सावरले. चौदावा पन्नाशीचा विणकर, मूळचा उत्तर प्रदेशातला, जुना दमेकरी. तो जमिनीवर आडवा होता आणि त्याचे ओठ निळे पडत चालले होते. त्याला इस्पितळात हलवलं.

कारखान्याचे मालक तोवर कॅमेऱ्यांसमोर उभे राहिले होते. सोमवारी त्यांचा वाढदिवस असल्यामुळे गल्लीच्या तोंडाशी त्यांचाच हात जोडलेला फलक लागला होता, आणि खाली तेही तसेच हात जोडून उभे. हा आपल्यावर झालेला भ्याड हल्ला आहे, असं त्यांनी सांगितलं. खोकणाऱ्या चौदांत ते नव्हते. घटनेच्या वेळी ते जेवणाच्या पंक्तीची मांडणी ठरवत होते.

रात्री आम्ही कामगारांचे जबाब घेतले. आमच्या लेखनिक हवालदाराचं अक्षर मोत्यासारखं होतं. एका कामगाराने सांगितलं, "साब, ऐसा लगा जैसे किसीने आँख में मिर्ची झोंक दी." लेखनिकाने लिहिलं: 'अचानक डोळ्यांची व घशाची तीव्र जळजळ होऊ लागली.' पुढच्या पाच जणांनी थोड्याफार फरकाने मिरचीच सांगितली आणि पाचही वेळा कागदावर जळजळ उतरली. मी जबाब वाचले, खाली सही केली. उत्तर पहिल्या रात्रीच ठाण्यात आलं होतं. आम्ही त्याचं शुद्ध मराठीत भाषांतर करून फायलीला लावलं होतं.

रविवारी सकाळी हजेरी चालू असताना एका खबऱ्याचा फोन आला. कारखान्याच्या मागच्या घरात एक खोली कायम बंद असते. आत चंदेरी तंबू आहे, जांभळा उजेड आहे, दिवसभर पंखा घुमतो, आणि तिथला पोरगा पोस्टाने पुड्या मागवतो. खबर ऐकून माझ्या उपनिरीक्षकाचे डोळे चमकले. बंद खोलीत दिव्याखाली गांजा पिकवणाऱ्यांच्या बातम्या त्याने वाचल्या होत्या. त्याने छाप्यासाठी वजनकाटासुद्धा बरोबर घेतला.

घर एका आगरी कुटुंबाचं. आई आणि चौतिशीचा मुलगा, दोघंच. मुलगा कोन गावाजवळच्या एका गोदामात सुपरवायझर होता. त्याने निमूट दार उघडलं आणि तंबूची चेन ओढली. आत अकरा कुंड्या होत्या. उपनिरीक्षकाने एक पान चुरगाळून हुंगलं आणि वजनकाटा पुन्हा पिशवीत ठेवला.

"मिरची हाय, साहेब," मुलगा म्हणाला. "भूत जोलकिया. आसामकडची. जपून, तो हात डोळ्याला लावू नका."

सल्ला चांगला होता, पण किंचित उशिरा आला. उपनिरीक्षक पुढची दहा मिनिटं मोरीत होता.

मला बागकामातलं काही कळत नाही, पण कुतूहल आवरेना. मिरची ही काय तंबूत वाढवायची वस्तू आहे? मी तसं विचारलं.

"गल्लीत ऊन येत न्हाय, साहेब. आणि लूमचं तूस उडतं. गच्चीवर लावलेली सगळी गेली, पानांवर कापसाची गोधडी बसायची. म्हणून तंबू."

मग तो सांगत गेला. बिया कोमट पाण्यात रात्रभर भिजवायच्या. ओल्या कागदात गुंडाळून डब्यात घालायच्या आणि डबा फ्रिजच्या डोक्यावर ठेवायचा, तिथे सतत ऊब असते. साधी मिरची आठवड्यात उगवते, ही महिनासुद्धा घेते. पहिल्या वीस बियांतून त्याचं एकच रोप आलं होतं. सोळा तास दिवा, आठ तास अंधार. छोटा पंखा रोपांना हलवत ठेवतो, नाहीतर देठ लुळे राहतात. आत ना वारा, ना माशी, त्यामुळे फुलांवरून रंगाचा बारका ब्रश फिरवून परागीकरण तो स्वतः करायचा. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, झाडांकडे पाहत होता. वरच्या पानांच्या कडा आत वळल्या होत्या. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "बारीक कोळी कीड पडलीय. काल सकाळी कडुनिंबाचं तेल फवारलं."

फवारलं म्हटल्यावर मी बाटली ताब्यात घेतली आणि वर पाहिलं. तंबूच्या माथ्यावर एक दणकट पंखा होता. त्याला जोडलेली जाड नळी भिंतीतल्या झरोक्यातून बाहेर गेली होती.

"ही कुठे उघडते?"

"मागच्या बोळात. मोकळा बोळ हाय."

आम्ही मागे जाऊन पाहिलं. बोळ मोकळा राहिला नव्हता. कारखानदारांनी त्यावर पत्रे टाकून तो आपल्या कारखान्यात घेतला होता आणि तिथे चार लूम मांडले होते. नळीचं तोंड थेट त्या लूमच्या डोक्यावर होतं. म्हणजे तंबूतली हवा महिनोन्‌महिने विणकरांच्या अंगावर पडत होती आणि याचा पत्ता ना या मायलेकांना होता, ना कारखानदारांना. कारखानदारांना नळी दिसल्यावर मात्र त्यांनी तिथल्या तिथे नवा जबाब द्यायची तयारी दाखवली: शेजाऱ्याने जाणूनबुजून विषारी औषध सोडलं.

आता प्रकरण गंभीर झालं. वायू कुठून आला ते कळलं होतं, कुठला ते कळलं नव्हतं. कडुनिंबाच्या तेलाने चौदा माणसं कोसळत नाहीत, म्हणजे मुलगा काहीतरी लपवतोय, असा माझा तर्क होता. बाटली रासायनिक प्रयोगशाळेत गेली, पण तिथला अहवाल यायला आठवडे लागतात. इस्पितळातून डॉक्टरांचे फोन येत होते. विणकराचा दमा आटोक्यात येत नव्हता आणि त्यांना एकच हवं होतं: "कुठला वायू होता ते सांगा. अंधारात औषध देतोय आम्ही." विणकर गेला असता तर निष्काळजीपणाचं किरकोळ कलम बदलून सदोष मनुष्यवधाचं लागलं असतं. वरून निरोप आला होता, सोमवार संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. कुणाला, याचा उल्लेख निरोपात नव्हता.

मुलाला ठाण्यात बोलावलं. तो शांत होता. शनिवारी रात्री आठपर्यंत गोदामात होतो, म्हणाला. मी गोदामाच्या फाटकावरची नोंदवही मागवली. खरं होतं. घटना साडेसहा-पावणेसातची.

"मग घरात कोण होतं?" मी विचारलं.

"कोन न्हाय."

"आई?"

त्याने टेबलाची कड घट्ट धरली. म्हणाला, "साहेब, औषध मीच मारलं. भारीतलं. सकाळी मारलं, ते उशिरा सुटलं असंल. लिहून घ्या."

कबुली मिळाली की ठाण्यात सगळ्यांना एकदम भूक लागते. उपनिरीक्षकाने चहा आणि वडापाव सांगितला, लेखनिकाने नवा कागद घेतला. मी विचारलं, औषधाचं नाव काय? त्याने आठवून एक नाव सांगितलं. ते ढेकणांच्या औषधाचं होतं. नोकरीत मी खोटं नाकारणारे शेकड्यांनी पाहिले. खोटं कबूल करणारे थोडेच भेटतात, आणि ते बहुतेक वेळा आपल्यामागे कुणालातरी उभं करून ठेवतात. मी कागद बाजूला सारला. त्याच्यामागे कोण उभं आहे हे सांगायला गुप्तहेराची गरज नव्हती.

त्याची आई अडुसष्ट वर्षांची. अशा बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरीच घ्यावा लागतो. रविवारी माझा उपनिरीक्षक तिच्याकडे दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच: "मना काय ठाव न्हाय." सोमवारी दुपारी मी स्वतः गेलो. बरोबर अंबाडी गावाकडची एक महिला शिपाई घेतली.

म्हातारी ओट्यावर बसली होती. लुगडं चापून नेसलेलं, हात मांडीवर. मी सगळे नेहमीचे प्रश्न विचारले. शनिवारी संध्याकाळी कुठे होतात? घरात. कुणी आलं होतं? न्हाय. खोलीत गेला होतात? तिने लुगड्याचा काठ मुडपला. काही फवारलं? न्हाय. माझे प्रश्न संपले. मी मुलाच्या कबुलीचं सांगितलं. तिचा चेहरा पडला.

महिला शिपाई इतका वेळ पाण्याचा तांब्या हातात धरून उभी होती. ती म्हणाली, "मावशी, तुमाला काय इचारायचं हाय का सायबांना?"

हा प्रश्न आमच्या कुठल्याच पद्धतीत बसत नव्हता. मी तिच्याकडे जरा रागानेच पाहिलं. पण म्हातारीने मान वर केली.

"त्या मानसांना काय झाला, सायब? भोवळ आली का ठसका लागला?"

"ठसका," मी म्हणालो. "नुसता खोकला. डोळ्यांतून पाणी."

"सगल्यांना?"

"चौदा जणांना."

"चौदा जनांना ठसका," ती स्वतःशी म्हणाली. मग दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले. "मंग दृष्ट नव्हतीच. उगीच भ्यायले मी."

शिपाईबाईने तांब्या खाली ठेवला. तिला कळलं होतं. मला अजून नव्हतं.

"मावशी, किती मिरच्या टाकल्या?"

"आधी सात."

"आन मंग?"

"मंग मूठभर."

पुढचं तिने सांगितलं ते असं. शुक्रवारी मुलाच्या गोदामातली आठ-दहा माणसं झाडं बघायला आली. वा वा केलं, फोटो काढले. शनिवारी सकाळी पानं आक्रसलेली. मुलगा म्हणाला किडे आहेत. तिने किडे पाहिले नाहीत, माणसं पाहिली होती. तिन्हीसांजेला तिने मीठ-मोहऱ्या घेतल्या. घरातल्या मिरच्या संपलेल्या. मुलाने बियांसाठी पिकवून वाळवलेल्या मिरच्या फडताळात होत्या. त्या जहाल आहेत, हात लावू नको, असं त्याने बजावलं होतं.

"मी त्याला बोलले, जल्म गेला माजा मिरची कांडन्यात. तू मना मिरची शिकवतोस?"

तिने तंबूची चेन उघडली, झाडांवरून सात वेळा उतरवलं आणि तंबूच्या उंबऱ्याशीच शेगडी ठेवून मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. आता ज्याच्या घरात आजी होती त्याला पुढचा नियम सांगायला नको. मिरची जळताना ठसका लागला तर काही नाही. ठसका लागलाच नाही, तर दृष्ट जबर. तिने वाट पाहिली. सात भूत जोलकिया निखाऱ्यावर जळत होत्या आणि तिला साधी शिंकही आली नाही, कारण तंबूच्या माथ्यावरचा पंखा धुराची रेघन्‌रेघ ओढून भिंतीपलीकडे सोडत होता. ती हादरली. एवढी जबर दृष्ट तिने जन्मात पाहिली नव्हती. म्हणून तिने उरलेल्या मिरच्यांची मूठ टाकली. तरी ठसका नाही. कसंबसं उरकून, राख पदराआड घेऊन ती तिठ्यावर टाकायला गेली. मागे न बघता, न बोलता परत आली, आणि गल्लीत शिरते तो लांबूनच माणसं लोळत पडलेली दिसली; ती तशीच घरात शिरून दार लावून बसली.

"मना वाटला, झाडांवरची सुटली ती त्यांच्यावर जाऊन बसली. चौदा मानसं पाडली मी. कोनाच्या तोंडानं सांगू? आन सांगितला तर उलटते, पोराच्या डोक्यावर येते."

"आणि लोक वायू म्हणत होते ते?"

"मी पन तेच आयकला, ग्यास सुटला. ग्यासनी मानूस भोवळ येऊन पडतो. ठसका लागला असा कोनी बोललाच न्हाय. आज तुमी बोललात."

मी आधी डॉक्टरांना फोन लावला. "मिरचीचा धूर? नक्की?" नक्की, म्हणालो. रासायनिक वायूची भीती गेली तसे त्यांनी उपचार बदलले. तासाभराने त्यांचा निरोप आला: धोका टळला असं अजून म्हणत नाही, पण आता आम्हाला कळतंय आम्ही काय करतोय. त्या रात्री विणकराचा श्वास मोकळा होऊ लागला.

पण कागदाला म्हातारीचा शब्द पुरत नाही. मी त्याच संध्याकाळी दोन पंच बोलावून प्रात्यक्षिक करून घेतलं. कारखाना रिकामा केला. कारखानदारांनाही बाहेर थांबायची विनंती केली. वाढदिवसाचा फेटा डोक्यावर होता. ते म्हणाले, "मी कुणाला घाबरत नाही, साहेब." ही त्यांची मर्जी होती, तशी नोंद मी करून ठेवली. इकडे तंबूचा पंखा चालू करून, उंबऱ्यावर शेगडी ठेवून अर्धी मिरची निखाऱ्यावर टाकली. फडताळात तेवढीच उरली होती. खोलीत पाच माणसं उभी होती, एकालाही ठसका लागला नाही. साधारण मिनिटाने भिंतीपलीकडून फेटा हातात धरून मालक बाहेर आले. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांच्या सार्वजनिक जीवनात असा प्रसंग विरळाच.

मुलाला घरी आणून सोडलं तेव्हा आई दारातच उभी होती. त्याने तिला एवढंच विचारलं, "किती टाकल्यास, आये?"

"सगल्या."

तो मटकन ओट्यावर बसला. एका हंगामाचं बी गेलं होतं. "झाडं हायत ना रे," म्हातारी म्हणाली. "परत पिकतील. पोरगा गेला असता तर परत कुठला आनला असता मी?" त्याने हसण्याचा प्रयत्न केला.

न्यायालयात आम्ही 'क' समरी पाठवली, म्हणजे प्रकार घडला पण गैरसमजातून, गुन्हेगारी हेतू नाही. कारण लिहिताना लेखनिकाने पुन्हा शुद्ध भाषा काढली: 'पारंपरिक विधीदरम्यान उद्भवलेला धूर.' मी ते खोडून 'दृष्ट काढताना जाळलेल्या मिरच्या' असं लिहायला लावलं. बोळावरच्या पत्र्यांचं पत्र महापालिकेला गेलं. नळी मुलाने दुसरीकडे वळवली. पत्रे अजून आहेत.

या प्रकरणाने माझी एक खोड मोडली. चौकशीत प्रश्न विचारायचे ते पोलिसांनी, असं मी वीस वर्षं धरून चाललो होतो. म्हातारी दोन दिवस गप्प होती, कारण तिच्याजवळ उत्तर नव्हतं, प्रश्न होता. तो विचारायची संधी एका शिपाईबाईने दिली म्हणून एक निरपराध माणूस कोठडीबाहेर राहिला आणि डॉक्टरांचे हात वेळेत मोकळे झाले. त्यानंतर प्रत्येक जबाबाच्या शेवटी मी विचारत असे, तुम्हाला काही विचारायचंय का? लेखनिक कुरकुरायचा, याला रकाना नाही म्हणून. बहुतेक लोकांचा प्रश्न एकच असे: साहेब, आता जाऊ का?

विणकर आठवड्याने इस्पितळातून सुटला. पुरवणी जबाबासाठी मी त्याच्या खोलीवर गेलो. सगळी हकिकत त्याने लक्ष देऊन ऐकली, अम्मांविरुद्ध आपली काही तक्रार नाही असं सांगितलं आणि अंगठा उमटवला. मग मी त्यालाही ठरलेला प्रश्न केला. त्याने पुसता पुसता अंगठ्याची शाई चादरीलाच लावली आणि थोडा विचार करून आवाज खाली आणला.

"साब, अम्मा को तो अपनी तरफ ठसका लगा ही नहीं. मतलब पौधों पर नज़र थी. किसकी थी, पता चला?"

मी म्हणालो, तपास चालू आहे.